रोग्याची वही

घरांत कोणाला मोठा रोग झाला, म्हणजे त्या रोगाचें नांव रोग्याच्या कानांवर जाऊं द्यावयाचें नाहीं, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. आमच्या बालपणीं क्षयाचें नांव असेंच दबल्या आवाजांत घेतलें जाई. ओसरीवर वडील माणसें कुजबुजत, आणि माजघरांत अंथरुणावर पडलेल्याला ‘साधा खोकला आहे’ असें सांगितलें जाई. पुढें क्षयावरील औषधें सर्वत्र मिळूं लागलीं व लोक त्याचें नांव मोकळेपणीं घेऊं लागले. मात्र रिकामी झालेली ती जागा कर्करोगानें घेतली. आज चांगल्या शिकलेल्या घरांतही ‘तो आजार’, ‘गांठीचें दुखणें’ असे आडवळणाचे शब्द चालतात. ह्यांत हेतु वाईट नसतो. रोग्याचें मन खचूं नये, एवढीच इच्छा असते. परंतु ह्या मायेनें रोग्याचें केवढें नुकसान होतें, हें आम्हांस आमच्याच घरांत शिकावें लागलें. ती हकीकत, व तिच्या निमित्तानें मिळालेली थोडी माहिती, वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर अंबरनाथजवळच्या जांभूळ गांवीं. बारवी धरणाचें पाणी येथील केंद्रांत शुद्ध होऊन पुढें जातें. एरवीं ह्या गांवाचें नांव बाहेर फारसें कोणाला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. घरांत थोरले बंधू व वहिनी, आम्ही उभयतां, मुलें, सुना, नातवंडें असा एकत्र संसार आहे. वहिनी ह्या घरांत आल्या तेव्हां आम्ही शाळकरी होतों. मॅट्रिकच्या अभ्यासाला पहांटे उठवून चहाचा पेला हातांत देणाऱ्या त्याच. चार वर्षांपूर्वीं त्यांच्या स्तनांत गांठ लागली. मुंबईच्या एका इस्पितळांत तपासणी होऊन कर्करोगाचें निदान झालें. कागद हातांत पडतांच बंधू, पुतण्या व आम्ही अशा तिघांनीं जिन्यावर उभें राहून ठराव केला कीं, वहिनींना सांगावयाचें नाहीं. रोग्याला सांगितलेलें बरें, असें डॉक्टरांनीं दोनदां सुचविलें. आम्हींच हात जोडून त्यांना गप्प केलें. शस्त्रक्रिया झाली ती ‘साधी गांठ’ म्हणून, आणि केमोथेरपी सुरू झाली ती ‘शक्तीचीं सलाइनें’ म्हणून.

पहिल्या सलाइननंतर केस गळूं लागले, तेव्हां वहिनींनीं एक शब्दही विचारला नाहीं. त्यांना कांहीं उमजलें नाहीं, असें आम्ही समजलों. वस्तुतः त्यांना सारें उमजलें होतें. आणि तें उमजल्याचें आम्हांस कळून आमचें मन दुखूं नये, म्हणून त्या जपत होत्या. एकाच छपराखालीं दहा माणसें एकमेकांपासून तीच गोष्ट लपवीत होतीं.

दुसऱ्या सलाइननंतरच्या दहाव्या दिवशीं रात्रीं त्यांच्या अंगांत कणकण आली. ‘शक्तीच्या’ औषधानंतर आलेल्या तापाला भिण्याचें कारण त्यांना कोणी सांगितलेंच नव्हतें. त्यांनीं सूनबाईकडून तापाची एक गोळी मागून घेतली व पांघरूण ओढून निजल्या. पहांटे थंडीनें खाट हलूं लागली तेव्हां घर जागें झालें. इस्पितळांत पोंचेपर्यंत नऊ वाजले. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं चार प्रश्न विचारले: ताप प्रथम किती वाजतां आला? किती होता? गोळी कोणती व केव्हां दिली? लघवी शेवटची केव्हां झाली? आम्हां चौघां पुरुषांपैकीं एकालाही एकाचेंही उत्तर देतां आलें नाहीं. पस्तीस वर्षें आम्हीं शाळेचा हजेरीपट एकही रकाना रिकामा न सोडतां भरला. आणि आईच्या ठिकाणीं असलेल्या माणसाच्या दुखण्याचा एक आंकडा आमच्यापाशीं नव्हता! वहिनी नऊ दिवस इस्पितळांत होत्या. त्यांतले पहिले तीन कसे गेले, तें लिहवत नाहीं.

ह्या तापाचें कारण पुढें डॉक्टरीणबाईंनीं समजावून दिलें. तें प्रत्येक घराला ठाऊक असावें. केमोथेरपीचें औषध झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर आघात करतें. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. परंतु हाडांच्या मगजांत रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. म्हणून औषध दिल्यावर साधारणपणें सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तांतील श्वेतपेशी फार उतरतात. ह्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. ते नसतां जंतु आंत शिरले, तर पू, सूज अशीं नेहमींचीं चिन्हें दिसतीलच असें नाहीं. पुष्कळदां ताप हीच एकटी हांक असते. म्हणून अशा रोग्याचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) झाला कीं, सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावयाचें असतें. येथें तास मोजावे लागतात. डॉक्टरांना न विचारतां दिलेली तापाची गोळी ती हांकच दाबून टाकते.

त्याच इस्पितळांत वहिनींच्या शेजारच्या खाटेवर जळगांवकडील एक बाई होत्या, वयानें वहिनींहून पुष्कळ लहान. “ताई, तुमचा हा कितवा केमो?” असें त्यांनीं सहज विचारलें, आणि आमच्या ठरावाचा तेथेंच निकाल लागला. संध्याकाळीं आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां वहिनी शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझा रोग ठाऊक आहे, झाडणाऱ्या मावशींना ठाऊक आहे. घरांत मीच एकटी परकी आहें कां?” आम्ही जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देत आलों. ह्या प्रश्नाला आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

घरीं परतल्यावर धाकट्या सूनबाईनें दोनशें पानी एक वही व एक तापमापक आणला. वही आपण भरूं, असें तिच्या मनांत होतें. वहिनींनीं ती तिच्या हातांतून काढून घेतली. “दुखणें माझें, अक्षरही माझें,” एवढेंच म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ तारीख, ताप, वजन, जेवण, उलटी, शौच, झोंप, वेदना, घेतलेलीं औषधें, हें सर्व त्यांच्या वळणदार अक्षरांत उतरूं लागलें. एका पानावर त्यांनीं लिहिलें होतें: ‘रांगोळीची चिमूट सुटते. बोटें बधिर.’ तोंडी विचारलें असतें, तर एवढी क्षुल्लक गोष्ट डॉक्टरांना काय सांगावयाची, असें म्हणून त्यांनीं ती गिळून टाकली असती. डॉक्टरांनीं मात्र त्याच ओळीवर बोट ठेवलें. औषधानें हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होऊं लागली होती. त्यांनीं मात्रा बदलली. पांचव्या सलाइननंतर पुन्हां ताप आला. वहींत नोंद आहे: ‘रात्रीं ८-१५. १००.८. कांपरें नाहीं. इस्पितळांत फोन केला.’ पाऊण तासांत गाडी निघाली, आणि तिसऱ्या दिवशीं वहिनी घरीं आल्या. पहिल्या वेळचे नऊ दिवस आणि ह्या वेळचे तीन. ह्या फरकाचें सारें श्रेय वहीला देणें बरोबर नव्हे. पण तिचा वांटा लहान नव्हता.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. हें सर्व पाहतांना चरकसंहितेंतील एका प्रकरणाची आठवण झाली. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण मोजले आहेत. रोग्याचे गुण म्हणजे स्मृति, वैद्याच्या सांगण्याप्रमाणें वागणें, निर्भयता आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या व्याधीचें वर्तन वैद्याला नीट सांगतां येणें. ग्रंथकारानें रोग्याला औषधाचें भांडें मानलेलें नाहीं, चिकित्सेचा एक पाय मानलें आहे. आम्हीं हा अध्याय विद्यार्थीदशेंत पाठ केला होता. पण ज्याला स्वतःच्या रोगाचें नांव सांगितलेलें नाहीं, त्यानें ज्ञापक कसें व्हावें, हा साधा प्रश्न तेव्हां आम्हांस सुचला नाहीं, आणि इस्पितळाच्या जिन्यावरही सुचला नाहीं.

ही गोष्ट केवळ ग्रंथांत राहिली आहे असें नाहीं. अलीकडे ती कसोटीलाही लागली आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग ह्या कर्करोग-केंद्रांत डॉक्टर ईथन बाश व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००७ ते २०११ ह्या काळांत ७६६ रोगी निवडले. सर्वांचा कर्करोग शरीरांत पसरलेला होता व केमोथेरपी चालू होती. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें भाग पाडले. एका भागावर नेहमींचे उपचार झाले. दुसऱ्या भागांतील रोग्यांना नेहमींच्या उपचारांखेरीज एवढेंच करावयाचें होतें कीं, भूक, मळमळ, धाप, वेदना, थकवा अशा बारा सामान्य लक्षणांबद्दल संगणकावर स्वतः नोंद करावयाची. एखादें लक्षण बळावलें, कीं परिचारिकेला तत्काळ सूचना जाई, आणि ती चौकशी करी. एका वर्षांत तांतडीच्या विभागांत जावें लागलेल्यांचें प्रमाण पहिल्या भागांत शेंकडा ४१ होतें, नोंद करणाऱ्यांत ३४. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेला पुढचा हिशेब अधिक बोलका आहे. रोग्यांपैकीं निम्मे ज्या मुदतीपलीकडे जगले, ती मुदत पहिल्या भागांत २६ महिने होती आणि नोंद करणाऱ्यांत ३१.२ महिने. म्हणजे पांच महिन्यांचा फरक पडला, आणि तोही कोणत्याही नव्या औषधावांचून. आणखी मौजेची गोष्ट अशी कीं, ज्यांना पूर्वीं संगणक हाताळण्याची संवय नव्हती, त्यांनाच बहुतेक बाबतींत लाभ अधिक झाला. ‘आमच्या म्हाताऱ्यांना हें काय जमणार’ असें म्हणणाऱ्यांनीं ही ओळ पुन्हां वाचावी.

ह्यांत चमत्कार नाहीं. डॉक्टर रोग्याला तीन आठवड्यांतून दहा मिनिटें पाहतात. उरलेले दिवस रोगी एकटाच आपल्याला पाहत असतो. त्यानें पाहिलेलें वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोंचलें, एवढेंच येथें घडलें. मग तें मोबाइलमधून पोंचो वा दोनशें पानी वहींतून.

वहीखेरीज वहिनींना दुसरी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे सोबत. ह्या सोबतीचा इतिहास मोबाइलहून जुना आहे. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत निवर्तल्या. पुढल्याच वर्षीं दोराबजीही गेले. त्यांच्या नांवाच्या विश्वस्त निधींतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें व २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें. तेव्हांपासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी परळला येत आहेत. उपचार महिनोन् महिने चालतात, राहावयाचें कोठें? गाडगे महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेसारख्या जागा अशांना आसरा देतात. तेथें रात्रीं भाकरीच्या ताटावर कोणता डॉक्टर काय म्हणाला, तोंडाला फोड आल्यावर काय गिळवतें, कोणत्या कागदाची नक्कल कोठें लागते, ह्या गोष्टी एकाचे तोंडून दुसऱ्याला कळतात. त्याच्या बाजूनें संस्थाही उभ्या राहिल्या. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ सालची. स्वतः ह्या रोगांतून उठलेल्या वंदना गुप्ता ह्यांनीं १९९४ सालीं व्ही केअर ही संस्था काढली. अमेरिकेंत तेरेसे लासर नांवाच्या बाईंनीं स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर १९५२ सालींच असें कार्य आरंभिलें होतें. शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या स्त्रीच्या खाटेपाशीं जाऊन, ‘मलाही हेंच झालें होतें, आणि पहा, मी उभी आहें’ असें दाखवावयाचें, हें त्याचें सूत्र होतें. हें वाक्य डॉक्टरांना म्हणतां येत नाहीं, घरच्यांनाही येत नाहीं. तें म्हणण्याचा अधिकार रोग्यालाच आहे.

तीच धर्मशाळेची ओसरी आतां मोबाइलवर आली आहे. जळगांवच्या बाईंनीं वहिनींना व्हॉट्सॲपवरील आपल्या मंडळींत घेतलें. पन्नास-साठ बायका, कोणी नाशिकची, कोणी बेळगांवची, एक तर मस्कतला नोकरीनिमित्त गेलेल्या मुलाकडे राहणारी. वहिनींना तेथें काय मिळालें? केस गेल्यावर डोक्याला सुती कापडच बरें. तोंडाला चव नसतां कोमट मुगाचें कढण जातें. लोकल गाडीच्या दिव्यांगांच्या डब्यांतून कर्करोगाच्या रोग्याला जातां येतें. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठीं कोणते कागद आधीं जमवावे. अंबरनाथहून दादरपर्यंतच्या गर्दींत वहिनींना आम्हीं किती वेळां उभ्यानें नेलें होतें! डब्याची ही गोष्ट आम्हां चार शिकलेल्या पुरुषांना ठाऊक नव्हती. ती कळली जळगांवहून.

परंतु एकच बाजू सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अशा मंडळींत खोटेंही तितक्याच वेगानें पसरतें. अमुक काढ्यानें गांठ विरघळते, सुई घालून तुकडा तपासला कीं रोग पसरतो, साखर बंद केली कीं कर्करोग उपाशी मरतो, असे निरोप वहिनींनाही आले. असल्या बोलण्यावर विसंबून चालू उपचार सोडणारीं माणसें आहेत, आणि पुन्हां इस्पितळांत येतात तेव्हां रोग पुढें गेलेला असतो. वहिनींनीं ह्यावर एक नियम घालून घेतला: मंडळींत ऐकलेलें वहीच्या मागच्या पानावर लिहावयाचें, आणि डॉक्टरांना विचारल्यावांचून पुढच्या पानावर आणावयाचें नाहीं. दुसऱ्याची मात्रा ती आपली मात्रा नव्हे. आपल्या तपासण्यांचे फोटो अनोळखी माणसांत टाकूं नयेत. पैसे मागणारा व औषध विकणारा दिसला, कीं मंडळी सोडावी. आणि शंका मोठी असेल, तर दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचें मत घ्यावें. टाटा रुग्णालय व २०१२ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय कर्करोग जाळें ह्यांच्या तज्ज्ञांचें मत ‘नव्या’ ह्या सेवेमार्फत घरबसल्या मागवितां येतें.

दुसरी बाजू अधिक कठीण आहे. पुढल्या वर्षीं एका पहांटे त्या मंडळींत जळगांवच्या बाईंच्या यजमानांनीं दोन ओळी लिहिल्या. त्या गेल्या होत्या. दिवसभर तेथें कोणीच कांहीं लिहिलें नाहीं. संध्याकाळीं एकीनें विचारलें, “मुलांच्या शाळेची फी भरली आहे कां?” वहिनी चार दिवस मोबाइलकडे फिरकल्या नाहींत. आम्हांस वाटलें, आतां ही सोबत सुटली तर बरें. मरणाच्या वार्ता आणणारी सोबत काय कामाची? पांचव्या दिवशीं त्या पुन्हां लिहूं लागल्या. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, “तिनें मला त्या इस्पितळांत एकटी राहूं दिलें नाहीं, भाऊजी. आतां दुसरी कोणी एकटी असेल.”

वाचकांपैकीं कोणी म्हणतील, सर्वच रोग्यांचें मन असें खंबीर नसतें. नांव ऐकूनच हाय खाणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. हा आक्षेप खोटा नाहीं. कांहींना सारें ऐकावयाचें नसतें, आणि न ऐकण्याचाही त्यांना अधिकार आहे. मात्र किती ऐकावयाचें तें रोग्यानें ठरवावें. तें जिन्यावर उभें राहून इतरांनीं ठरवूं नये. ‘तुमचा आजार काय आहे, तें तुम्हांस सविस्तर सांगूं, कीं यजमानांशीं बोलूं?’ हा एक प्रश्न डॉक्टरांकरवीं रोग्याला विचारवितां येतो. आम्हीं तो विचारूं दिला नाहीं. वहिनींनीं आम्हांस क्षमा केली आहे. परंतु त्या क्षमेचा आधार घेऊन ही चूक दुसऱ्या घरांत होऊं द्यावी, असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्यांच्या घरीं आज असें दुखणें असेल, त्यांच्या सोयीसाठीं वहीची मांडणी देतों. डाव्या पानावर रोजची नोंद: तारीख व औषधाचा कितवा दिवस, सकाळ-संध्याकाळचा ताप, वेदना शून्य ते दहा ह्या मापानें, खाणें, पाणी, उलटी, शौच, झोंप, हातापायांना मुंग्या, तोंडांत फोड, धाप, घेतलेलीं औषधें. वजन आठवड्यांतून एकदां, एकाच काट्यावर. उजवें पान प्रश्नांसाठीं मोकळें सोडावें. डॉक्टरांपुढें गेल्यावर निम्मे प्रश्न विसरतात, तेथेंच उत्तरेंही लिहावीं. रक्ताच्या तपासणींतील श्वेतपेशी, हिमोग्लोबिन व प्लेटलेट हे तीन आंकडे प्रत्येक वेळीं ओळीनें मांडावे, म्हणजे चढउतार नजरेला येतो. इस्पितळाचा रात्रीं लागणारा दूरध्वनी क्रमांक पुठ्ठ्यावर ठळक लिहावा. मोबाइलवर नोंद ठेवणें सोयीचें वाटेल त्यांनीं तशी ठेवावी. हात थकला असेल, तर घरांतील कोणीं लिहावें. परंतु शब्द रोग्याचेच असावे.

वहिनींचे उपचार संपून तीन वर्षें होत आलीं. रोज एक गोळी घ्यावी लागते, आणि ठराविक मुदतीनें तपासणीस जावें लागतें. तपासणीच्या आधींचे दोन दिवस त्या फारशा बोलत नाहींत. आम्हीही आतां उगीच धीर देत नाहीं, जवळ बसतों. तिसरी वही चालू आहे. परवां बदलापूरची एक सूनबाई आपल्या सासूचें दुखणें घेऊन सल्ला विचारावयास आली होती. सासूबाईंना अजून सांगितलेलें नाहीं, असें ती हळूच म्हणाली. वहिनी उठल्या, कपाटांतून आपली पहिली वही काढली आणि तिचें पहिलें पान त्या मुलीपुढें धरलें. त्या पानावर ताप नाहीं, वजन नाहीं. तारीख आहे, वहिनींचें संपूर्ण नांव आहे, आणि त्याखालीं त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत तीन शब्द आहेत: ‘मला स्तनकर्करोग झाला.’ “पहिलें पान त्यांनाच लिहूं दे,” वहिनी तिला म्हणाल्या, “बाकीचीं पानें मग भरतील.”